रुग्णालयाची आकडेवारी ‘संकलित नाही’ आणि ‘वैयक्तिक आहे’ म्हणून नाकारली, तर पुढे काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या तालुक्यातून जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या नवजात बाळांचे पुढे काय होते, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. त्यासाठी माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला. त्यात नवजात अतिदक्षता कक्षातले (एसएनसीयू) तीन वर्षांचे मृत्यू, त्यांची कारणे, तालुकानिहाय विभागणी, बालरोगतज्ज्ञांची रिक्त पदे आणि ‘पदे का भरली नाहीत’ असे पाच मुद्दे होते. जन माहिती अधिकाऱ्याने तीन ओळींत उत्तर दिले: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, काही माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, आणि रुग्णांची माहिती वैयक्तिक असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही. उत्तर हाती पडून वीस दिवस झाले. आता नवा अर्ज करू, अपील करू की थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करू, असे तुम्ही विचारता.

मी बरीच वर्षे जिल्हा पातळीवर आरोग्याची मासिक आकडेवारी गोळा करण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर लोकांना असे अर्ज लिहून देतो. म्हणजे ज्या टेबलावरून तुम्हाला नकार आला, त्या टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

आधी तातडीचे. पहिल्या अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची असते. तुमचे वीस दिवस गेले. बाकी काहीही ठरले नाही तरी येत्या आठवड्यात अपील दाखल करा. महाराष्ट्रात त्यासाठी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ‘जोडपत्र ब’चा नमुना वापरतात. अर्ज ऑनलाइन पोर्टलवरून केला असेल तर अपीलही तिथूनच करता येते. हाती नेऊन दिलेत तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. मुदत उलटली तर सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, पण ते अपिलीय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. ती वेळ येऊच देऊ नका.

आता खरा मुद्दा. तुम्हाला वाटते आहे की रुग्णालय काहीतरी लपवते आहे. तसे असेलही. पण तुमचा अर्ज वाचल्यावर मला दुसरी गोष्ट दिसते. तुम्ही उत्तर मागितले आहे, आणि कायदा तुम्हाला कागद देतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘माहिती’ म्हणजे सार्वजनिक प्राधिकरणाकडे कोणत्याही स्वरूपात असलेले साहित्य: अभिलेख, दस्तऐवज, अहवाल, परिपत्रके, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला डेटा. कार्यालयात आज जे आहे ते तुमचे. कार्यालयाने तुमच्यासाठी बसून नवे तयार करावे, असा हक्क या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि ‘संकलित नाही’ असे लिहिणारा प्रत्येक अधिकारी याच निकालावर उभा असतो.

पण त्या निकालाची दुसरी बाजू फार कमी लोक वाचतात. त्याच परिच्छेदात न्यायालय म्हणते की माहिती डेटा, विश्लेषित डेटा, गोषवारा किंवा सांख्यिकी या स्वरूपात कार्यालयाकडे असेल, तर कलम ८ च्या अपवादांना अधीन राहून ती अर्जदाराला मिळू शकते. सूट आहे ती एवढीच, की जी माहिती अभिलेखात नाही आणि जी ठेवणे कोणत्याही कायद्याने किंवा नियमाने बंधनकारक नाही, ती गोळा करून देण्याची सक्ती नाही. मग सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: तुम्ही मागितलेला आकडा रुग्णालयात आधीच कुठे लिहिलेला आहे का?

आहे. बहुतांश आहे.

एखादा आकडा कसा प्रवास करतो ते सांगतो, कारण तुमचा सगळा अर्ज त्यावर उभा राहणार आहे. एसएनसीयूमध्ये बाळ दाखल झाले की कक्षाच्या नोंदवहीत एक ओळ पडते. त्यात बाळ याच रुग्णालयात जन्मलेले (कर्मचारी ‘इनबॉर्न’ म्हणतात) की बाहेरून आलेले (‘आउटबॉर्न’), वजन, निदान, आणि शेवटी काय झाले ते असते: सुट्टी, वरच्या रुग्णालयात पाठवले, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेले (‘डामा’), की मृत्यू. महिना संपला की परिचारिका या ओळींची बेरीज करून मासिक अहवाल भरते. तो अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने सांख्यिकी शाखेत जातो आणि तिथून एचएमआयएस प्रणालीत भरला जातो. ही प्रणाली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००८ मध्ये सुरू केली. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक संस्थेला दरमहा ठरावीक नमुना त्यात भरावा लागतो. एसएनसीयूमधले दाखल आणि मृत्यू हे त्या नमुन्यातले रकाने आहेत. हेच आकडे पुढे मासिक आढावा सभेच्या सादरीकरणात येतात आणि सभेच्या इतिवृत्तात उमटतात.

म्हणजे एकच बेरीज चार ठिकाणी असते: नोंदवहीत, मासिक अहवालात, संगणकात आणि इतिवृत्तात. ‘संकलित स्वरूपात नाही’ हे उत्तर फक्त पहिल्या ठिकाणाबद्दल खरे ठरू शकते. ज्या कार्यालयाने हा आकडा ३६ महिन्यांत ३६ वेळा वर पाठवला, त्याला तो संकलित नाही असे म्हणता येत नाही. पण तुमच्या अर्जात मासिक अहवालाचा उल्लेखच नाही. तुम्ही लिहिले, ‘तीन वर्षांत एकूण किती बाळे दगावली ते सांगावे’. ही तीन वर्षांची एकत्र बेरीज खरोखरच कुठे लिहिलेली नसेल. लिपिकाने अर्ज शब्दशः वाचला आणि शब्दशः उत्तर दिले.

म्हणून दोन्ही करा. अपीलही करा आणि नवा, नेमका अर्जही टाका. एक चालू असताना दुसरे करू नये असा कोणताही नियम नाही. अपिलात जुन्या नकारातली चूक दाखवायची. नव्या अर्जात कागदाचे नाव घेऊन मागायचे. माझा अनुभव असा की कागद बहुतेक वेळा नव्या अर्जातून मिळतो. अपिलाचा उपयोग असा होतो की कार्यालयाला कळते, हा माणूस सोडून जाणार नाही.

आता नकाराच्या तीन कारणांकडे एकेक करून पाहू.

‘प्रश्नार्थक’ हे कारण तुमच्या शेवटच्या मुद्द्यापुरते बरोबर आहे, आणि ते मान्य केलेले बरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितले की ‘का केले’, ‘का केले नाही’ याचे स्पष्टीकरण म्हणजे ‘माहिती’ नव्हे. ‘पदे का भरली नाहीत’ याऐवजी ‘मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांचा अहवाल आणि पदे भरण्यासाठी वरिष्ठ कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती’ मागा. ‘का’चे उत्तर त्या पत्रांत असते. नसेल, म्हणजे कोणी पत्रच लिहिलेले नसेल, तर तेही उत्तरच आहे. फक्त हा मुद्दा वेगळ्या अर्जात घ्या. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. नवजात मृत्यू आणि रिक्त पदे हे दोन विषय आहेत असे कार्यालय म्हणू शकते. दहा रुपयांचा आणखी एक स्टॅम्प लावून तो वाद मिटवलेला चांगला.

‘वैयक्तिक माहिती’ या कारणावर जरा थांबायला हवे, कारण इथे कायदा अलीकडेच बदलला आहे आणि जुने नमुने वापरणारे फसतात. पूर्वी ८(१)(ञ) मध्येच अशी तरतूद होती की व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येते. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यही तिथे होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हे कलम बदलून अगदी आखूड केले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता तिथे एवढेच उरले आहे की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. त्यामुळे अपिलात ‘विधानसभेला नाकारता येत नाही’ असे लिहू नका. ते वाक्य आता कलमात नाही. लोकहिताचा आधार घ्यायचा तर कलम ८(२) चा घ्या. ते शाबूत आहे: माहिती उघड करण्यातले लोकहित हे जपल्या जाणाऱ्या हितापेक्षा मोठे असेल, तर अपवादात मोडणारी माहितीही देता येते.

पण तुमच्या बाबतीत तिथपर्यंत जायची गरजच नाही. २०२३ च्याच कायद्यात वैयक्तिक डेटाची व्याख्या आहे: ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते असा त्या व्यक्तीविषयीचा डेटा. ‘जुलै महिन्यात एसएनसीयूमध्ये इतकी बाळे दाखल, इतके मृत्यू’ या ओळीत व्यक्ती कोण? कोणीच नाही. बेरीज ही कोणाचीही वैयक्तिक माहिती नसते. दुसरे असे की केंद्र सरकार एचएमआयएसचे जिल्हानिहाय आकडे स्वतः प्रसिद्ध करत आले आहे. जिल्ह्याची बेरीज जाहीर होते आणि त्याच बेरजेत मिळवलेली एका रुग्णालयाची संख्या मात्र वैयक्तिक ठरते, हे टिकणारे नाही.

आणखी एक विसंगती अपिलात ठळकपणे मांडा. एकाच पत्रात रुग्णालय म्हणते की माहिती संकलित नाही, आणि तीच माहिती वैयक्तिक आहे. जो कागद अस्तित्वातच नाही, त्यातला मजकूर वैयक्तिक आहे हे अधिकाऱ्याने कशावरून ठरवले? कलम ७(८) नुसार नकार देताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. तीन ओळींच्या उत्तरात कोणत्या मुद्द्याला कोणते कारण लागू हे सांगितलेलेच नाही. आणि कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

तरीही गोपनीयतेची बाजू मी हलक्यात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. मृत्यूची कारणे बाळनिहाय मागितलीत, तारखेसह, गावासह, तर ती कोणत्या घरातली गोष्ट आहे हे गावातल्या प्रत्येकाला कळेल. नाव झाकले तरी कळेल. एखाद्या लहान गावात वर्षभरात एकच नवजात मृत्यू झाला असेल, तर ‘संख्या: १’ हीदेखील ओळख पटवणारी माहिती होते. त्या आईने कोणालाही तिचे दुःख सार्वजनिक करायची परवानगी दिलेली नाही. म्हणून रुग्णालय आणि महिना या पातळीवर मागा, कारणे गटांत मागा (जन्मतः श्वासावरोध, जंतुसंसर्ग, कमी वजन व अकाली जन्म असे गट अहवालात असतातच), आणि गावापर्यंत उतरू नका. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार या बाबतीत तर वेगळ्या कायद्यांचीच गोपनीयता आहे. तिथे व्यक्तिगणिक काही मागूच नये.

इथूनच तुमच्या तालुकानिहाय मुद्द्याकडे येऊ, कारण तो सगळ्यात अवघड आहे आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचाही. खरे सांगायचे तर एसएनसीयूच्या मासिक अहवालात तालुक्याचा रकाना नसण्याचीच शक्यता जास्त. पत्ता असतो नोंदवहीत. तीन वर्षांच्या नोंदवह्यांतून प्रत्येक पत्ता पाहून तालुका ठरवायचा, हे बंदोपाध्याय निकालाने सूट दिलेले काम आहे, आणि या मुद्द्यावर नकार टिकेल असे मला वाटते. नोंदवही स्वतः पाहायला मागितली तर नावांचा प्रश्न येतो. कलम १० नुसार नावे झाकून प्रती द्या असे म्हणता येईल, पण शेकडो पाने झाकत बसणे साधनसामग्रीवर अवाजवी ताण आहे असे अधिकारी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नसेल.

म्हणून मी हा आकडा दुसऱ्या टोकाकडून मागतो. बाळ जिल्हा रुग्णालयात आले ते तुमच्या तालुक्यातल्या कुठल्या तरी संस्थेने पाठवले म्हणून. ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र संदर्भित केलेल्या रुग्णांची नोंदवही ठेवते आणि मासिक अहवालात त्याची संख्या देते. तिथे तालुका ठरवावा लागत नाही, संस्थाच त्या तालुक्यातली असते. तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मासिक बैठकीच्या इतिवृत्तात आणि बालमृत्यू अन्वेषणाच्या (बाळ कशाने दगावले हे तपासण्याच्या) बैठकीत बालमृत्यूंची चर्चा तालुक्याच्या पातळीवर होते. या दोन्हींतून तुम्हाला ‘किती पाठवली’ आणि ‘तालुक्यातल्या किती दगावली’ हे बरेचसे कळेल.

इथे कोण कोणाच्या अखत्यारीत आहे हे माहीत असणे फार उपयोगी पडते, कारण चुकीच्या दारात टाकलेला अर्ज महिना खातो. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग स्वतंत्र. आणि जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले असेल, तर कागद अधिष्ठात्यांकडे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेलेले असू शकतात. अलीकडे अनेक जिल्ह्यांत नवी महाविद्यालये झाली आहेत, तेव्हा तुमच्या तीन वर्षांच्या मध्येच रुग्णालयाचा ताबा बदलला का, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे नाही’ एवढे लिहून अर्ज निकाली काढता येत नाही.

नवा अर्ज साधारण असा लिहा. मर्यादेत बसतो:

‘विषय: जिल्हा रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाचे मासिक अहवाल. कालावधी: एप्रिल २०२२ ते मार्च २०२५. (१) या कालावधीत नवजात अतिदक्षता कक्षातील दाखल (इनबॉर्न/आउटबॉर्न), सुट्टी, संदर्भित, डामा व मृत्यू याबाबत आपल्या रुग्णालयाने वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या अथवा एचएमआयएस प्रणालीत भरलेल्या मासिक अहवालांच्या प्रती. (२) मृत्यूच्या कारणांची गटनिहाय संख्या दर्शवणारे मासिक गोषवारे. (३) याच कालावधीतील बालमृत्यू अन्वेषण बैठकांची इतिवृत्ते. बालक व पालक यांची ओळख पटेल असा मजकूर कलम १० नुसार वगळून. अभिलेख इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असल्यास त्याच स्वरूपात द्यावेत. वरीलपैकी एखादा अभिलेख ठेवला जात नसल्यास तसे मुद्दानिहाय लेखी कळवावे. अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज हस्तांतरित करावा.’

यात ‘किती’, ‘का’, ‘कसे’ असा एकही शब्द नाही, हे पाहा. शेवटून दुसरी ओळ मुद्दाम आहे. ‘असा अहवाल आम्ही ठेवत नाही’ असे सहीनिशी लिहून देणे कोणत्याही रुग्णालयाला जड जाते, कारण मग वरिष्ठ कार्यालयाला दरमहा काय पाठवले जात होते हा प्रश्न उभा राहतो. माहिती का हवी हे लिहू नका. कलम ६(२) नुसार कारण विचारताच येत नाही, आणि लिहिलेले कारण पुढे तुमच्याच विरुद्ध वापरले गेलेले मी पाहिले आहे.

अपिलाचा मजकूरही लांबवू नका. लोक तिथे भ्रष्टाचार, बेपर्वाई, पुढाऱ्यांची नावे असे सगळे ओततात आणि अपिलीय अधिकाऱ्याला मूळ मुद्दा बाजूला ठेवायची सोय करून देतात. एवढे पुरे: ‘मागितलेली माहिती मासिक अहवालांच्या स्वरूपात कार्यालयात उपलब्ध आहे व दरमहा वरिष्ठ कार्यालयास पाठवली जाते. ती एकत्रित संख्यात्मक असून कोणत्याही व्यक्तीची ओळख त्यातून पटत नाही, त्यामुळे कलम ८(१)(ञ) लागू होत नाही. उत्तरात मुद्दानिहाय कारणे दिलेली नाहीत, हे कलम ७(८) च्या विरुद्ध आहे. माझ्या मुद्दा क्र. १ व २ च्या संदर्भात सदर मासिक अहवालांच्या प्रती विनामूल्य द्याव्यात.’ विनामूल्य का, तर मुदतीत माहिती दिली नाही तर कलम ७(६) नुसार शुल्क घेता येत नाही. मुदतीत दिलेल्या नकाराला हे लागू होते का यावर ते वाद घालतील. घालू द्या. दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरावे लागले तरी तेवढ्यासाठी अडून बसू नका.

सुनावणीला जमत असेल तर स्वतः जा. जिल्हा रुग्णालयात बहुतेक ठिकाणी अपिलीय अधिकारी म्हणजे खुद्द जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्यांच्या बरोबरीचे कोणी असते, आणि मासिक आढाव्यात हेच आकडे त्यांच्यासमोर मांडले जातात. एचएमआयएसचा जिल्हा रुग्णालयासाठीचा कोरा नमुना सोबत न्या, नवजात कक्षाचे रकाने खूण करून ठेवा आणि एकच विचारा: हा अहवाल दरमहा जातो का? उत्तर ‘हो’ आले की ते आदेशात नोंदवून घ्यायची विनंती करा. त्यानंतर ‘संकलित नाही’ हे कारण उरत नाही. मी कामावर होतो तेव्हाही पाहिले आहे की वरिष्ठ डॉक्टरांना हे आकडे द्यायला बहुधा हरकत नसते. नकार खालच्या टेबलावर, भीतीपोटी किंवा सवयीने लिहिला जातो, आणि वरचा माणूस तो वाचल्याशिवाय सही करतो.

सुनावणीत कलम ७(९) चा आधार नव्याने पुढे येऊ शकतो: ‘माहिती विस्तृत आहे, साधनसामग्रीवर ताण येईल’. हे कलम माहिती नाकारण्याचे नाही. ज्या स्वरूपात मागितली त्या स्वरूपात देणे फार ताणाचे असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या, एवढेच ते सांगते. ३६ मासिक अहवाल काही विस्तृत होत नाहीत. तरी त्यांनी ताणच धरला तर ‘मग मी येऊन अवलोकन करतो, हव्या त्या पानांच्या प्रती घेतो’ असे म्हणा. आणि ‘जुने अहवाल सापडत नाहीत’ असे आले तर ते लेखी घ्या. सरकारी अभिलेख मनमानीने नष्ट करता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. शिवाय एचएमआयएसमध्ये भरलेला आकडा रुग्णालयातला कागद हरवल्याने पुसला जात नाही.

थेट आयोगाकडे तक्रार करण्याचा तुमचा विचार मात्र सोडा. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चे अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत. मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये स्पष्ट केले की तक्रारीवर आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला अधिकाऱ्याचा दंड हवा आहे की आकडे? आकडे हवे असतील तर पहिले अपील, मग दुसरे अपील हाच रस्ता. पहिल्या अपिलावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. निर्णय पटला नाही किंवा आलाच नाही, तर त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील. दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे, पण तो अधिकार फक्त आयोगाचा. पहिल्या अपिलात दंड मागून काही साधत नाही, उलट अधिकारी बचावाच्या पवित्र्यात जातो. आयोगाकडे प्रकरण सुनावणीला येईपर्यंत किती काळ जाईल ते खंडपीठावर आणि प्रलंबित प्रकरणांवर अवलंबून असते. बऱ्याचदा तो काळ मोठा असतो. म्हणूनच समांतर नवा अर्ज टाका असे मी सांगतो.

आकडे हाती आले की लगेच पत्रकाराकडे धाव घेऊ नका. आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, आउटबॉर्न बाळांतला मृत्यूचा वाटा इनबॉर्नपेक्षा जास्त दिसला तर त्याचा दोष आपोआप एसएनसीयूवर येत नाही. बाहेरून येणारे बाळ अनेकदा थंड पडलेले, उशिरा निघालेले, जास्त आजारी असते. तिथे प्रश्न कक्षाच्या उपचारांपेक्षा तालुक्यातल्या प्रसूतिगृहाचा आणि रुग्णवाहिकेचा असतो, आणि तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. दुसरी, ‘डामा’ आणि ‘संदर्भित’ हे रकाने मोठे असतील तर मृत्यूचा आकडा लहान दिसणारच. घरी नेलेले किंवा पुढच्या शहरात पाठवलेले बाळ नंतर दगावले तरी ते या रुग्णालयाच्या मृत्यूंत येत नाही, आणि वाटेत दगावलेले बाळ तर कधी कधी कोणाच्याच रकान्यात येत नाही. मृत्यूंना एकूण दाखल बाळांनी भागा, पण सोबत हे दोन रकानेही मांडा. तिसरी, नोंदवही, एचएमआयएस आणि जन्म-मृत्यू नोंदणी यांतले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. मृत्यूची नोंदणी तो जिथे घडला तिथे होते आणि उशिराही होते, तर एचएमआयएसमध्ये त्या महिन्यात त्या संस्थेने कळवलेला आकडा असतो. थोडा फरक रोजच्या कामात पडतोच. सलग काही महिने एकाच दिशेने मोठा फरक दिसला, किंवा एखाद्या महिन्यात दाखल बाळे नेहमीइतकीच आणि मृत्यू शून्य दिसले, तर त्या महिन्यांचे कक्षाच्या नोंदवहीतले शेवटचे बेरजेचे पान नाव झाकून मागा.

अपील टाकल्यावर आवक क्रमांक कळवा, आणि नव्या अर्जाचे उत्तर आले की त्याचा फोटो टाका. त्यांनी कोणते कलम लावले आहे ते पाहून दुसऱ्या अपिलाचा मजकूर मी लिहून देईन.